पिचर गेली, आता सतरा आउट कोण करणार?

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडा शिक्षक आहे. आमच्या 17 वर्षांखालील मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची सगळी मदार एका पिचरवर (चेंडू टाकणाऱ्या मुलीवर) होती. वडिलांची बदली झाली आणि जूनमध्ये ती नाशिकला गेली. मागच्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात 21 पैकी 13 आउट तिने एकटीने स्ट्राइकआउट करून, म्हणजे फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद करून, घेतले होते. जिल्हास्तर स्पर्धा सात आठवड्यांवर आली आहे. चौदा मुली आहेत. पाच जणींना टाकायला लावून पाहिलं, पण चेंडू एक तर बॅकस्टॉपवर (फलंदाजामागच्या जाळीवर), नाही तर होमप्लेटच्या आधी मातीत. दोघींकडून थोडी आशा वाटते. एक आमची शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभी राहणारी), हात जबरदस्त, पण चेंडू कुठे जाईल सांगता येत नाही. दुसरी आठवीतली डावखुरी, वेग नाही, पण चेंडू सरळ येतो. पालक म्हणतात शॉर्टस्टॉपलाच तयार करा. वॉक (चार बॉल पडून फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) पडायला लागले की सगळ्या मुली माना खाली घालून उभ्या राहतात. त्यात पावसामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस मैदानच मिळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

सर, नमस्कार.

आधी एक गोष्ट : शॉर्टस्टॉपला तिच्या जागेवरून हलवू नका. त्याचं कारण तुमच्याच पत्रातल्या आकड्यात आहे.

सात इनिंगच्या सामन्यात 21 आउट लागतात. त्यातले 13 पिचरने घेतले, म्हणजे मैदानातल्या बाकीच्या मुलींच्या वाट्याला आठच आले. इनिंगला एखादा, फार तर दोन. नवी पिचर कितीही मन लावून शिकली, तरी सात आठवड्यांत ती सामन्याला तीन-चार स्ट्राइकआउटच्या पुढे जाईल असं धरू नका. राहिलेले सतरा आउट ग्लोव्ह आणि थ्रो यांच्या जोरावर करावे लागणार, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून जास्त. आजवर ज्या मुली चेंडूची वाट पाहत उभ्या राहिल्या, त्यांच्याकडे आता तो सारखा येणार. म्हणून गेलेल्या मुलीसारखी दुसरी शोधण्यात हे सात आठवडे घालवू नका. सरावाची वाटणीच बदला. दीड तासाचा सराव असेल तर पिचिंगला अर्धा तास, क्षेत्ररक्षणाला पाऊण तास आणि उरलेला वेळ फलंदाजीला द्या.

या हिशेबात शॉर्टस्टॉप हा मैदानातला सगळ्यात कामाचा खेळाडू ठरतो. तिला पिचिंग प्लेटवर नेलं तर तिथे एक कच्ची पिचर उभी राहील आणि जिथे सगळ्यात जास्त चेंडू येणार तिथे खिंडार पडेल. शिवाय खांद्यावरून जोरात थ्रो करणारा हात खालून टाकतानाही जोरदारच असेल, असं नसतं. विंडमिलचा, म्हणजे हात पूर्ण वर्तुळात फिरवून खालून टाकण्याचा, वेग पायाच्या ढकलीतून, सैल हाताच्या वर्तुळातून आणि मनगटाच्या झटक्यातून येतो. खांद्याने जोर लावायची सवय असलेल्या मुली वर्तुळ पूर्ण व्हायच्या आधीच हात आवळतात आणि चेंडू भरकटतो. पालकांना हे आकड्यांसकट सांगा, त्यांना पटेल.

डावखुऱ्या मुलीला पहिली पिचर म्हणून धरा. पण एकटीला नाही. तिघी तयार करा.

उरलेल्या दोघी निवडायला साधी चाचणी घ्या. होमप्लेट 17 इंच, म्हणजे 43 सेंटीमीटर रुंद असते. तिच्या दोन्ही कडांना दोन बांबू रोवा. एक दोरी गुडघ्याच्या वरच्या कडेच्या उंचीवर आणि दुसरी काखेच्या उंचीवर, अशा दोन दोऱ्या आडव्या बांधा, म्हणजे स्ट्राइकची चौकट झाली. मध्यम उंचीच्या मुलींसाठी हे साधारण 45 आणि 110 सेंटीमीटरवर येतं. आता प्रत्येकीला 35 फुटांवरून 20 चेंडू टाकू द्या आणि वहीत नुसतं चुकलं-बरोबर न लिहिता चुकलेला चेंडू कुठे गेला ते लिहा : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. जिचे चेंडू वर-खाली चुकतात पण रेषेत राहतात, ती घ्या. तिचा फक्त चेंडू सोडण्याचा क्षण पुढे-मागे होतोय, आणि तो रोजच्या सरावाने दोन आठवड्यांत बराच ताळ्यावर येतो. जिचे चेंडू डावी-उजवीकडे फाकतात, तिच्या हाताचं वर्तुळच तिरकं आहे किंवा पाऊल तिरकं पडतंय. ते सुधारतं, पण सात आठवडे त्याला अपुरे आहेत. वीसपैकी आठ चेंडू चौकटीतून गेले तर सुरुवातीला पुष्कळ झाले.

आणि चाचणीच्या वेळी एका गोष्टीकडे मुद्दाम बघा. लागोपाठ तीन चेंडू चुकल्यावर मुलगी काय करते? काही जणी चेंडू परत मिळताच घाईघाईने पुढचा टाकतात. काही जणी एक श्वास घेतात, हात पुसतात, मग टाकतात. दुसऱ्या प्रकारची मुलगी थोडी कमी वेगाची असली तरी चालेल.

आता शिकवायचं कसं. पहिल्या दिवसापासून पूर्ण अंतरावरून पूर्ण वर्तुळाने टाकायला लावणं, इथेच बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. मुलगी अंतर कापायच्या नादात खांदा लावते आणि तीच सवय हातात बसते. उलट्या क्रमाने चला, शेवटाकडून सुरुवातीकडे.

पहिला आठवडा फक्त मनगटाचा. भिंतीपासून तीन मीटरवर, टाकायच्या हाताकडचा गुडघा जमिनीवर टेकवून मुलीला बसवा. चेंडू बोटांत धरायचा, तळव्यात रुतवायचा नाही. तळवा आणि चेंडू यांच्यात थोडी पोकळी दिसली पाहिजे. शिवणीवर आडवी तीन बोटं, लहान हात असेल तर चारही चालतात. हात मांडीजवळ, हालचाल फक्त कोपराखालची, आणि बोटांच्या टोकांवरून चेंडू सुटला पाहिजे. चेंडूभोवती काळ्या चिकटपट्टीची एक उभी पट्टी गुंडाळा. फिरकी सरळ पडली तर हवेत ती पट्टी एक स्वच्छ रेघ दिसते. मनगट वाकडं गेलं तर पट्टी थरथरते, लंगडते. मुलीला तुम्ही काही सांगायची गरजच उरत नाही, तिला तिची चूक दिसते. असे रोज 40 चेंडू.

दुसऱ्या आठवड्यात उभं राहून, हात मागे खांद्याच्या उंचीपर्यंत नेऊन तिथून खाली. अंतर सहा मीटर. हात खाली येताना कोपराखालचा भाग कंबरेच्या बाजूला हलकासा घासला पाहिजे. तो स्पर्श झाला की चेंडू सोडायचा, ही खूण मुलींच्या फार लवकर लक्षात राहते. सोडायला उशीर झाला तर चेंडू वर जातो, घाई झाली तर मातीत. पूर्वी चेंडू सुटल्यावर कोपर मुद्दाम कानापर्यंत उचलायला शिकवायचे. ते करू नका, त्याने हात आवळतो. हात सैल सोडला की तो जिथे जायचा तिथे आपणच जातो.

तिसऱ्या आठवड्यात पूर्ण वर्तुळ, पण पाऊल न टाकता, आठ-नऊ मीटरवरून. चौथ्यात पाऊल. पिचिंग प्लेटच्या मध्यापासून होमप्लेटच्या मध्यापर्यंत चुन्याची रेघ मारा. पुढचं पाऊल त्या रेघेवर पडलं पाहिजे, पंजा थोडासा आत वळलेला. पाऊल रेघ ओलांडून पलीकडे पडलं तर कंबर वाटेत येते आणि हात तिला वळसा घालून जातो. चेंडू बाजूला जाण्याचं नेहमीचं कारण हेच. मागचा पाय मातीवर घासत पुढे यायला हवा. तो उचलून पुन्हा रोवला आणि तिथून टाकलं, की पंच बेकायदा पिच देऊन फलंदाजाच्या खात्यात एक बॉल घालतात. टाकण्याआधी दोन्ही हात एकत्र आणून पूर्ण थांबायचं, हेही याच आठवड्यात अंगवळणी पाडा. नव्या मुली घाबरल्या की आधी हे थांबणंच विसरतात.

पाचव्या आठवड्यात पूर्ण अंतर. आंतरराष्ट्रीय नियमात मुलींसाठी ते 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर आहे. तुमच्या गटाला कोणतं अंतर लागू आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून आत्ताच विचारून घ्या. चुकीच्या अंतरावर सात आठवडे सराव झाला तर त्यासारखं दुःख नाही. डावखुरी आधीच सरळ टाकते, तिला पहिले दोन टप्पे चार-पाच दिवसांत उरकता येतील.

पावसाचं म्हणाल, तर पहिल्या तीन आठवड्यांचं सगळं काम शाळेच्या व्हरांड्यात होतं. जुन्या मोज्यात चिंध्या घट्ट कोंबून, तोंड शिवून चेंडू करा आणि दोरीवर टांगलेल्या ताडपत्रीवर मारा. खिडक्या फुटत नाहीत आणि मुली बिनधास्त टाकतात. मैदानावर मात्र काळी माती घात करते. बुटाला लोंदा चिकटला की पुढचं पाऊल घसरेल या भीतीने मुलगी ते आखूड टाकते, त्यामुळे सोडण्याची जागा बदलते आणि व्हरांड्यात नीट जाणारा चेंडू डोक्यावरून जातो. आपल्याला वाटतं, शिकलेलं विसरली. पिचिंग प्लेटपुढे दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब पट्ट्यावर मुरूम टाकून धुमसून घ्या. दोन इंचांच्या थराला बारा-पंधरा घमेली लागतील. कॅचरच्या (होमप्लेटमागे चेंडू झेलणारीच्या) मागे कोरडं फडकं आणि दोन जास्तीचे चेंडू ठेवा. भिजलेला चेंडू जड होतो आणि बोटांतून निसटतो, त्याच्यावर पिचिंग शिकवू नका. तो क्षेत्ररक्षणाच्या सरावाला वापरा.

प्रकार किती शिकवायचे? दोन. एक सरळ चेंडू आणि एक चेंजअप, म्हणजे फसवा हळू चेंडू. ड्रॉप (खाली पडणारा चेंडू) आणि रायझर (वर उठणारा) या वर्षी डोक्यात आणू नका. सरळ चेंडू खाली आणि बाहेरच्या कोपऱ्यात पडला की फलंदाज तो बहुतेक जमिनीवर मारते, आणि आपल्याला तेच हवंय. चेंजअपसाठी चेंडू तळव्यात खोल धरायचा, हात मात्र त्याच वेगाने फिरवायचा. हात हळू केला की फलंदाजाला लांबूनच कळतं. चेंजअप चुकायचीच असेल तर खाली चुकू दे. छातीच्या उंचीवर आलेली चेंजअप म्हणजे फलंदाजाला दिलेली मेजवानी. रोजच्या वहीत वेग नको, एकच आकडा लिहा : पहिला चेंडू स्ट्राइक किती वेळा पडला. दहापैकी सहा झाले की मुलगी सामन्याला तयार.

कॅचरचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही, आणि शालेय सामन्यांत सगळ्यात जास्त धावा तिच्या मागून निघतात. पासबॉल (कॅचरकडून सुटलेला चेंडू), वाइल्ड पिच (पिचरचा भरकटलेला चेंडू), त्यावर स्टील (फटक्याविना धावून घेतलेला बेस). नवी पिचर म्हटली की मातीत पडणारे चेंडू येणारच. कॅचरला रोज 30 चेंडू सहा मीटरवरून हाताने तिच्या पुढ्यात टप्पा पाडून टाका. पकडायचे नाहीत, फक्त अडवायचे. दोन्ही गुडघे खाली, ग्लोव्ह पायांच्या मधे जमिनीला टेकलेला, हनुवटी छातीकडे, खांदे पुढे झुकलेले, म्हणजे चेंडू अंगावर आदळून पुढ्यातच मरतो. त्यानंतर दहा चेंडू मुद्दाम बॅकस्टॉपला मारा. कॅचर धावते, पिचर होमप्लेट झाकायला येते, थर्डवरून एक मुलगी खरोखर धावत सुटते. पिचरने प्लेटच्या पुढच्या बाजूला उभं राहायचं, रनरच्या वाटेत नाही. धडका तिथेच होतात. होमपासून सेकंड बेस 25.86 मीटर आहे. कॅचरचा हात तिथवर पोचत नसेल तर एक टप्पा पडलेला सरळ थ्रो चालेल, पण शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून सेंटरफिल्डला गेलेला नाही चालणार. त्या एका थ्रोवर दोन बेस जातात.

आता मैदानाची रचना. बहुतेक प्रशिक्षकांच्या नजरेतून निसटते ती हीच गोष्ट. तुमची जुनी पिचर वेगवान होती, त्यामुळे उजव्या फलंदाजांची बॅट उशिरा पोचायची आणि लागलेला चेंडू फर्स्ट-सेकंड आणि राइटफिल्डकडे जायचा. नव्या पिचरचा चेंडू हळू येणार, बॅट लवकर पोचणार, आणि तेच फलंदाज आता थर्ड, शॉर्टस्टॉप आणि लेफ्टफिल्डकडे मारणार. तुमची चांगली आउटफिल्डर राइटला असेल आणि कच्ची मुलगी लेफ्टला उभी असेल, तर त्यांची अदलाबदल करा. लेफ्टफिल्डरला चार पावलं मागे न्या. थर्डबेसवालीला रेषेकडे एक पाऊल सरकवा आणि बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात पाडण्याचा) संशय नसेल तेव्हा दोन पावलं मागे ठेवा. हळू चेंडू जोरात परत येतो, तेव्हा थर्डबेसवाली आणि पिचर दोघींना फेसगार्ड घ्याच. टाकून झाल्यावर पिचर फलंदाजापासून जेमतेम अकरा-बारा मीटरवर असते. चेंडू सोडल्यानंतर ग्लोव्ह छातीसमोर आणणं हा तिच्या पिचिंगचाच भाग समजा.

सरावाला 21 आउटचा खेळ लावा. नऊ जणी आपापल्या जागी, उरलेल्या पाच जणी हेल्मेट घालून आळीपाळीने धावतात, आणि तुम्ही बॅटने चेंडू मारता. एका चुकीला मोजणी पुन्हा शून्यावर. पहिल्या आठवड्यात फक्त सलग सहा आउट मागा, मग नऊ, मग बारा. 21 पर्यंत सहाव्या आठवड्यात पोचलात तरी पुष्कळ. शून्यावर जाणं एका सत्रात दोनदाच ठेवा. तिसऱ्यांदा चूक झाली की जिथे आहे तिथून पुढे चला, नाही तर त्या माना खाली घालणं सरावातच सुरू होईल. मारताना तीनपैकी दोन चेंडू थर्ड-शॉर्टस्टॉपच्या बाजूला मारा आणि मधून मधून न सांगता बंट टाका. बंटला फर्स्ट आणि थर्ड पुढे धावतात, सेकंडबेसवाली फर्स्ट झाकते, शॉर्टस्टॉप सेकंड झाकते. यातली एक जरी विसरली, तरी चेंडू हातात असून फेकायला कोणी नसतं. थ्रो कुठे करायचा हे कॅचरने मोठ्याने ओरडून सांगायचं, बाकी कोणी नाही.

एक निर्णय आधीच ठरवून मुलींना सांगून ठेवा. वॉकमुळे बेस भरलेले असतील, तेव्हा पुढची रनर पकडायची की सोपा आउट घ्यायचा? चेंडू सरळ हातात आला आणि फेकायची जागा समोर असेल तर होम. जरा जरी अडखळला, तर फर्स्टला सोपा आउट घ्या आणि एक धाव जाऊ द्या. ती धाव वाचवण्याच्या नादात घाईचा थ्रो सुटतो आणि तीन जातात. तुमच्या मुलींना 2-1 असे सामने जिंकायची सवय आहे. त्यांना स्पष्ट सांगा, या वर्षी आपण 7-6 असे जिंकणार आहोत. एक धाव गेली म्हणजे सामना गेला नाही, हे त्यांच्या कानावर तुमच्या तोंडून आधीच पडलेलं असू दे.

तिघी पिचर कशा वापरायच्या? फलंदाजांची फळी एका पिचरला दोनदा पाहते, तिसऱ्या वेळी तिचा अंदाज येतो. म्हणून डावखुरी पहिल्या तीन इनिंग, दुसरी दोन, आणि शेवटी गरजेप्रमाणे तिसरी किंवा पुन्हा डावखुरी. तिला बाहेर न बसवता फर्स्टबेसला किंवा आउटफिल्डला ठेवलंत तर परत आणणं सोपं जातं. बाहेर काढलीत तरी सुरुवातीच्या खेळाडूला फलंदाजीच्या क्रमातल्या त्याच जागी एकदा परत येता येतं. तुमच्या स्पर्धेत हा नियम कसा लावतात ते तांत्रिक बैठकीत विचारून घ्या.

मुलींना हे पटवायला उदाहरण हवं असेल तर जपानच्या युकिको उएनोचं सांगा. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामन्यांत 413 चेंडू टाकले आणि जपानने अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. तेरा वर्षांनी, जुलै 2021 मध्ये टोकियोच्या अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकाच समोर होती आणि पुन्हा उएनोच पिचर होती. पण सहाव्या इनिंगमध्ये ती बाजूला झाली आणि विशीतली मिउ गोतो आली. त्याच इनिंगमध्ये एक जोरदार फटका थर्डबेसवालीच्या हातावर आपटून उडाला, शॉर्टस्टॉप माना अत्सुमीने तो हवेतच झेलला आणि सेकंडला फेकून डबल प्ले केला, म्हणजे एका फटक्यावर दोन आउट. सातव्या इनिंगला उएनो परत आली आणि जपान 2-0 ने जिंकला. जगातल्या सर्वोत्तम पिचरच्या संघालाही सामना वाचवायला दुसरी पिचर आणि शॉर्टस्टॉपचा ग्लोव्ह लागला. अमेरिकेला हरवणारी ती जागा हीच, जिथून तुम्ही तुमच्या मुलीला हलवायला निघाला होता.

आणि ते 413 चेंडू फक्त ऐकून सोडून द्यायचे. खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही, हा आपल्याकडे पक्का बसलेला गैरसमज आहे. विंडमिलमध्ये खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडाच्या स्नायूच्या कंडरेवर (हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) येणारा ताण वरून टाकणाऱ्यांच्या जवळपास असतो. नव्या मुलींसाठी सामन्यात 60 आणि दिवसभरात 90 चेंडू ही मर्यादा ठेवा. सरावात आठवड्यातून चारच दिवस पिचिंग, पूर्ण जोराचे चेंडू दिवसाला 80 च्या आत. जिल्हास्तरावर एकाच दिवशी दोन-तीन सामने पडले की हा हिशेब तुमच्या डोक्यात राहणार नाही. एका राखीव मुलीच्या हाती वही देऊन तिलाच मोजायला बसवा. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय असं मुलगी म्हणाली, तर त्या दिवशी तिचं पिचिंग संपलं. सामना कुठल्याही टप्प्यावर असो.

वॉक पडू लागल्यावर माना खाली जातात, त्याला उपदेशाचा उपयोग नाही. त्या वेळी हातांना काम द्या. लागोपाठ दुसरा वॉक पडला की शॉर्टस्टॉप चेंडू घेऊन पिचरपर्यंत चालत जाईल, हातात देईल आणि एकच वाक्य बोलेल : "माझ्याकडे मारू दे." कॅचर ग्लोव्ह प्लेटच्या बरोबर मध्यावर धरेल, कोपरे विसरून. इनफिल्डच्या चौघी आउटची संख्या बोटांनी एकमेकींना दाखवतील. तुम्ही डगआउटमधून "स्ट्राइक टाक" असं ओरडू नका. ती काही मुद्दाम बॉल टाकत नसते, आणि ते ऐकून तिचा हात आणखी आवळतो. सांगायचंच तर अंगाची गोष्ट सांगा : "हात सैल," किंवा "पाऊल रेघेवर." गेलेल्या मुलीचं नाव पिचिंगच्या सरावात कोणी घेणार नाही, हेही पालकांना आणि मोठ्या मुलींना बाजूला घेऊन सांगा. "ती असती तर" हे आठवीतल्या पोरीच्या कानावर एकदा पडलं की चार दिवसांची मेहनत वाया जाते. जुनी पिचर सुटीत गावी आली तर तिला आनंदाने बोलवा, पण तिच्याकडून फलंदाजांना सराव द्यायला लावा. नव्या मुलींना शिकवायला तिला उभं करू नका, त्या तिची नक्कल करायला जातील.

फलंदाजीचं थोडक्यात. आता धावा जास्त लागणार, आणि शालेय स्तरावर त्या लांब फटक्यांतून कमी, बंट, वॉक आणि स्टीलमधून जास्त निघतात. समोरची पिचरही बहुधा कच्चीच असते. पहिला स्ट्राइक पडेपर्यंत वाट पाहायची सवय खालच्या फळीला लावा. चेंडू पिचरच्या हातातून सुटताच बेस सोडायचा, आधी नाही, यावर रोज पाच मिनिटं द्या. लवकर सोडलेल्या बेसवर फुकटचे आउट जातात.

प्रवेशिका भरताना तिन्ही पिचरची नावं घाला. स्पर्धेआधी दहा-बारा दिवस शेजारच्या एखाद्या शाळेच्या मुलांच्या संघाशी तीन इनिंगचा सामना खेळा. मुलं जोरात मारतात, तुमच्या लेफ्टफिल्डला भरपूर काम मिळेल. सामन्याच्या सकाळी डावखुरीला आधी मनगटाचे दहा, मग अर्ध्या वर्तुळाचे दहा, मग पूर्ण पंधरा एवढेच टाकू द्या आणि हात गरम राहील असा पूर्ण बाहीचा शर्ट अंगात ठेवा. पावसाळी हवेत खांदा लवकर थंड पडतो.

स्पर्धा झाली की निकाल काहीही लागो, स्कोअरबुकाची पानं आमच्याकडे पाठवा. वॉक किती, पासबॉल किती आणि मैदानात केलेले आउट किती, हे तीन आकडे वेगळे काढून लिहा. पुढच्या जूनचं वेळापत्रक आपण त्यावरून ठरवू.